एक मैदान, तीन कोच : इंडियाना विद्यापीठातल्या एका पदाची गोष्ट

१९९४ च्या डिसेंबरात नॉर्थ कॅरोलायनातल्या डेव्हिडसन या लहानशा गावी अमेरिकन विद्यापीठांच्या पुरुष सॉकरचा अंतिम सामना झाला. व्हर्जिनियाने इंडियानाला १-० असं हरवलं. हा सामना माझ्या मनात घर करून बसला आहे, पण त्या एकमेव गोलामुळे नाही. त्या दिवशी मैदानात आणि मैदानाच्या कडेला कोण कोण होतं, ते पाहा. व्हर्जिनियाच्या बाकावर ब्रूस अरिना होते आणि हे त्यांचं सलग चौथं राष्ट्रीय विजेतेपद होतं. समोरच्या बाकावर इंडियानाचे जेरी येगली, पन्नाशी ओलांडलेले. इंडियानाच्या संघात त्यांचाच मुलगा टॉड, चौथ्या म्हणजे शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. आणि त्याच संघात त्या वर्षी नुकताच दाखल झालेला केलेब पोर्टर नावाचा मुलगा.

पुढे यातला प्रत्येक जण वेगळ्या वाटेने गेला. १९९६ साली अमेरिकेत मेजर लीग सॉकर सुरू झाली आणि अरिना विद्यापीठ सोडून व्यावसायिक संघाकडे गेले. पोर्टर दुसऱ्या एका विद्यापीठात कोच म्हणून गाजले आणि मग त्याच लीगमध्ये गेले. टॉड खेळाडू म्हणून कोलंबसच्या व्यावसायिक संघाकडे गेला आणि फिरून वडिलांच्या जागेवर आला. जेरी येगली मात्र आणखी नऊ वर्षं त्याच बाकावर राहिले.

विद्यापीठातल्या सॉकर कोचची कारकीर्द कशी घडते, कशी टिकते आणि कुठे मोडते हे समजून घ्यायला मी इंडियानाचं प्रकरण निवडलं. १९७३ पासून आजपर्यंत त्या पदावर तीनच माणसं आली. सगळे बोलतात ते पहिल्या आणि तिसऱ्याबद्दल, कारण ते बाप-लेक आहेत. मला मधल्या माणसाबद्दल सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी पहिल्याची गोष्ट सांगावी लागेल.

(अमेरिकेत फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हाताने खेळायचा वेगळाच खेळ. म्हणून इथे सगळीकडे सॉकर हाच शब्द वापरतो.)

पद नव्हतं तेव्हाची दहा वर्षं

जेरी येगली मूळचे पेनसिल्व्हेनियातल्या मायर्सटाउनचे. शिकले वेस्ट चेस्टरला आणि तिथल्याच संघातून खेळले. १९६१ साली या संघाने त्या काळच्या बलाढ्य सेंट लुईस विद्यापीठाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. दोन वर्षांनी, १९६३ साली, ते इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन इथल्या आवारात आले. काम होतं शारीरिक शिक्षण शिकवण्याचं. सॉकरचा संघ तिथे होता, पण तो क्लब होता.

क्लब आणि अधिकृत संघ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्लब म्हणजे विद्यार्थ्यांनी हौसेने चालवलेलं मंडळ. अधिकृत संघाला विद्यापीठाचं अंदाजपत्रक असतं, शिष्यवृत्त्या असतात, प्रवासाची सोय असते, कोचला त्या कामाचा पगार असतो आणि मुख्य म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत उतरण्याचा हक्क असतो. क्लबला यातलं काहीही नाही. तुम्ही कितीही सामने जिंका, डिसेंबरात घरीच बसायचं.

येगली यांनी असा क्लब दहा वर्षं चालवला. मैदान आखायचं ते स्वतः आणि मुलांनी मिळून. सामन्याला जायचं ते आपापल्या गाड्यांतून. खेळाडूंचे कपडे धुवायचे ते घरीच.

हे वाचताना मला माझी नोकरीची पहिली वर्षं आठवली, म्हणून जरा थांबतो. मी एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवत होतो. सामन्याच्या दिवशी पहाटे साडेपाचला मैदानावर जायचो. हातात सुतळीचा गुंडा, दोन लोखंडी खुंट्या आणि फक्कीचं घमेलं. सुतळी ताणून धरायला वसतिगृहातला एखादा मुलगा उठवून आणायचा. फक्की मुठीतून सोडत उलट पावली चालायचं. वारा सुटला की ती डोळ्यांत जाते आणि रेषा वाकडी होते. कोपऱ्याचा पाव-गोल आखताना हमखास चूक होते, कारण तोवर कंबर धरलेली असते. आठ वाजता सगळे येतात तेव्हा त्यांना फक्त पांढऱ्या रेषा दिसतात. अशी दहा वर्षं काढणं, आणि तीही दरवर्षी वरच्या लोकांना ‘आमच्या संघाला मान्यता द्या’ म्हणत काढणं, याला किती चिकाटी लागते ते मी जाणतो. मी स्वतः तीन वर्षांत थकलो होतो.

१९७३ साली इंडियानाने सॉकरला अधिकृत संघाचा दर्जा दिला. त्याच आवारात १९७१ पासून बास्केटबॉलचे कोच बॉब नाइट होते आणि तो खेळ तिथे जवळजवळ धर्मासारखा पाळला जातो. हजारो प्रेक्षकांची बंदिस्त मैदानं, तिकिटांचे पैसे, दूरचित्रवाणी हे सगळं त्यांच्याकडे. सॉकर उत्पन्न देणारा खेळ नव्हता आणि आजही नाही. त्यामुळे या खेळाच्या कोचचं वजन विद्यापीठात आपसूक येत नाही, ते त्याला कमवावं लागतं.

६९० सामने

अधिकृत दर्जा मिळाल्यावर तिसऱ्या वर्षाच्या आत-बाहेर संघ राष्ट्रीय पातळीवर पोचला आणि १९७६ मध्ये थेट अंतिम सामन्यात गेला. समोर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ. निकाल ०-१. दोन वर्षांनी पुन्हा अंतिम सामना, पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, ०-२. १९८० मध्ये तिसऱ्यांदा तोच प्रतिस्पर्धी आणि ३-४ अशी हार. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात परदेशातून आलेले, वयाने आणि खेळाने मुरलेले खेळाडू बरेच असायचे. येगली यांचा भर अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या, विशेषतः सेंट लुईसच्या गल्ल्यांतून तयार झालेल्या मुलांवर होता. चार वर्षांत तीन अंतिम सामने एकाच संघाकडून हरणं ही कुणाच्याही उमेदीची परीक्षा आहे.

१९८२ मध्ये फोर्ट लॉडरडेलला ड्यूक विद्यापीठाशी गाठ पडली. ठरलेल्या ९० मिनिटांत १-१. मग जादा वेळ, आणि पुन्हा जादा वेळ, असे एकामागून एक आठ तुकडे खेळले गेले. १५९ व्या मिनिटाला ग्रेग थॉम्प्सनने फ्री किकवर गोल केला. इंडियानाचा पहिला गोलही त्याचाच. दोन पूर्ण सामन्यांना वीस-बावीस मिनिटं कमी इतका वेळ पळून झाल्यावर ज्याचा पाय असा चालतो त्या मुलाची तयारी कशी झाली असेल, याचा प्रत्येक क्रीडा शिक्षकाने विचार करावा. पुढच्या वर्षी, १९८३ मध्ये, तोवर एकही सामना न हरलेल्या कोलंबियाला जादा वेळेत १-० हरवून दुसरं विजेतेपद आलं. १९८८ ला तिसरं, तेही ब्लूमिंग्टनमध्ये, घरच्या मैदानावर. १९९८ आणि १९९९ ला चौथं आणि पाचवं.

एकूण हिशेब असा. ३१ हंगाम, ६९० सामने, ५४४ विजय, १०१ पराभव, ४५ बरोबरी. म्हणजे वर्षाला सरासरी सव्वातीन पराभव. बारा अंतिम सामने आणि त्यांतले सहा जिंकलेले.

हे आकडे नीट वाचायचे तर एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. विद्यापीठात खेळाडू चार वर्षांसाठी येतो आणि जातो. व्यावसायिक संघात चांगला बचावपटू मिळाला तर त्याला दहा वर्षं ठेवता येतं. इथे ज्याला पहिल्या वर्षी चेंडू अडवायला शिकवलं तो चौथ्या वर्षी कुठे तयार होतो, तोच पदवी घेऊन निघून जातो. ३१ वर्षांत येगली यांनी सात-आठ वेळा अख्खा संघ नव्याने उभा केला. शिष्यवृत्त्यांची मर्यादाही अशी की कोचला वाण्यासारखा हिशेब ठेवावा लागे. गेली अनेक वर्षं, २०२५ पर्यंत, पहिल्या श्रेणीतल्या पुरुष सॉकर संघाला ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. संघात २५-३० मुलं. मग कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला फक्त पुस्तकांचे पैसे. कुणाच्या आई-वडिलांना काय सांगायचं हेही कोचच्याच कामात येतं. प्रत्यक्ष हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरापर्यंतचा. उरलेलं वर्ष शाळांच्या मैदानांवर फिरून पुढची मुलं शोधण्यात जातं.

सामने खेळले जातात त्या मैदानाचं नाव बिल आर्मस्ट्राँग स्टेडियम, बांधलं १९८१ साली. त्याची रचना वेगळी आहे. मधे सॉकरचं हिरवं मैदान आणि भोवती जळक्या कोळशाच्या बारीक खडीची काळपट धावपट्टी. त्या पट्टीवर दर वसंतात विद्यार्थ्यांची सायकल शर्यत होते. पाहुण्या खेळाडूला प्रेक्षक आणि मैदान यांच्यातलं ते रुंद काळं कडं आधी चमत्कारिक वाटत असणार. आज त्या हिरवळीला जेरी येगली यांचं नाव आहे.

वर शिडी लागली तेव्हा

१९८४ च्या हंगामानंतर अमेरिकेतली जुनी व्यावसायिक लीग बुडाली. त्यानंतर १९९६ पर्यंत देशात पहिल्या दर्जाची मैदानी व्यावसायिक लीगच नव्हती. म्हणजे या बारा वर्षांत सॉकर शिकवणाऱ्या माणसासाठी विद्यापीठ हीच सर्वांत वरची पायरी होती. म्हणूनच त्या काळात व्हर्जिनियात अरिना, लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये सिगी श्मिड, प्रिन्स्टनला बॉब ब्रॅडली आणि ब्लूमिंग्टनला येगली अशी माणसं एकाच वेळी विद्यापीठांत होती. तुम्ही आज तेव्हाच्या अंतिम सामन्यांची यादी चाळली तर ती अमेरिकन सॉकरच्या पुढच्या वीस वर्षांच्या प्रशिक्षकांची यादी वाटेल.

लीग सुरू झाली आणि वरची शिडी अचानक उघडली. अरिना यांनी डी. सी. युनायटेडकडून पहिली दोन्ही अजिंक्यपदं घेतली, १९९६ आणि १९९७. तिसरं, १९९८ चं, घेतलं ब्रॅडली यांनी, नव्याने स्थापन झालेल्या शिकागो संघाकडून. पहिली तिन्ही अजिंक्यपदं विद्यापीठांतून आलेल्या कोचनी जिंकली. श्मिड १९९९ ला यूसीएलए सोडून गेले, २००२ ला लॉस एंजेलिस गॅलक्सीला आणि २००८ ला कोलंबसला अजिंक्यपद मिळवून दिलं. अरिना राष्ट्रीय संघाचे कोच झाले आणि २००२ च्या विश्वचषकात अमेरिकेला उपांत्यपूर्व फेरीत घेऊन गेले. त्याच अरिना यांना २०१७ मध्ये त्रिनिदादच्या कूव्हा इथे १-२ असा पराभव पाहावा लागला आणि अमेरिका विश्वचषकाला मुकली. वर गेलं की पडण्याची उंचीही वाढते.

पोर्टर यांची वाट मला विशेष बोलकी वाटते, कारण ते येगली यांच्याच हाताखाली खेळले आणि पुढे त्यांचेच सहायक होते. २००६ मध्ये ओहायोतल्या अॅक्रन विद्यापीठात ते मुख्य कोच झाले. २००९ चा अंतिम सामना पेनल्टींवर हरले आणि २०१० चा जिंकले. हरवलं कुणाला? लुइव्हिलला, जिथे कोच होते केन लोला. आणि हेच लोला पोर्टर यांच्या आधी बारा-तेरा वर्षं अॅक्रनचे कोच होते. ज्या घराचा पाया घातला त्याच घराकडून अंतिम सामन्यात हरण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्या विजयानंतर मेजर लीग सॉकरच्या संघांनी विद्यापीठांतून केलेल्या खेळाडू-निवडीत पहिल्या आठ जणांत पाच एकट्या अॅक्रनचे होते. एवढं सगळं होऊन २०१२ मध्ये पोर्टर यांच्याकडे दिलेला २३ वर्षांखालचा राष्ट्रीय संघ लंडन ऑलिंपिकला पात्र ठरू शकला नाही. तरी त्यांची गाडी अडली नाही. पोर्टलंडला २०१५ मध्ये आणि कोलंबसला २०२० मध्ये त्यांनी लीगचं अजिंक्यपद मिळवून दिलं.

परतीची वाटही आहे. वेक फॉरेस्ट विद्यापीठाला २००७ चं विजेतेपद मिळवून देणारे कोच, जे व्हिडोविच, व्यावसायिक क्षेत्रात, पोर्टलंडच्या दुसऱ्या संघाकडे गेले आणि तिथे फार न रमता पिट्सबर्ग विद्यापीठात परत आले. या क्षेत्रातली खालची पायरी मात्र फार निसरडी. सहायकांच्या जागा मोजक्या, आणि २०२३ पर्यंत नियमातच ‘स्वयंसेवक कोच’ नावाची बिनपगारी जागा होती. तिशीत आलेली, पदवीधर, लग्न झालेली माणसं त्या जागेवर वर्षानुवर्षं काढत. उन्हाळी शिबिरांत लहान मुलांना शिकवून जे मिळेल त्यावर घर चालवायचं आणि कुठे जागा सुटते त्याकडे डोळे लावून बसायचं. अशा एका तरी माणसाला प्रत्येक मोठ्या संघाच्या यशात वाटा आहे आणि त्याचं नाव कुठल्याही पाटीवर नाही.

ही सगळी दारं उघडी असताना येगली ब्लूमिंग्टनमध्येच थांबले. माझ्या मते त्यात कमी महत्त्वाकांक्षा नव्हती. जी गोष्ट दहा वर्षं मान्यतेविना उभी केली, ती सोडून दुसऱ्याने उभी केलेली गोष्ट चालवायला जाणं त्यांना मोठं वाटलं नसावं.

२००३ चा डिसेंबर

आपला हा शेवटचा हंगाम, असं येगली यांनी २००३ चा हंगाम सुरू होण्याआधीच सांगून टाकलं. सुरुवात वाईट झाली. पण मग संघ सावरला आणि पुढे हरायचंच विसरला. अंतिम सामना कोलंबसमध्ये, सेंट जॉन्सविरुद्ध, बर्फाच्या दिवसात. इंडियाना २-१ ने जिंकलं. टॉड सात वर्षं कोलंबसच्या व्यावसायिक संघातून खेळून नुकताच निवृत्त झाला होता आणि वडिलांच्या मदतीला सहायक म्हणून आला होता. ज्या मैदानावर तो व्यावसायिक म्हणून खेळला, त्याच मैदानावर वडिलांचा शेवटचा सामना झाला.

यापेक्षा सुंदर निरोप कुणाला मिळत नाही. आणि नेमकी इथूनच, पुढे येणाऱ्या माणसाची अडचण सुरू झाली.

तो माणूस माइक फ्रायटॅग. इंडियानाचाच माजी खेळाडू, येगली यांचा अनेक वर्षांचा सहायक. २००४ मध्ये त्यांनी संघ हाती घेतला आणि पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. कॅलिफोर्नियातल्या कार्सन इथे सांता बार्बरा विद्यापीठाशी १-१ बरोबरी, मग पेनल्टींवर ३-२. गोलरक्षक जे नॉलीने त्या दिवशी संघाला तारलं.

तेव्हा लोक काय म्हणाले असतील ते कुणालाही कळेल. हा तर येगली यांनीच तयार केलेला संघ. नव्या कोचने जिंकलं तर श्रेय जुन्याला, हरलं तर दोष नव्याला. आपल्याकडे नामवंत मुख्याध्यापकांनंतर येणाऱ्या मुख्याध्यापकाचं हेच होतं. शाळेचा निकाल चांगला लागला तर ‘सरांनी घडी बसवून दिली होती’ आणि घसरला तर ‘सर असते तर’.

पुढच्या पाच वर्षांत, २००५ ते २००९, इंडियाना राष्ट्रीय स्पर्धेला दरवर्षी पात्र ठरलं. १९८७ पासून चालत आलेली ती परंपरा फ्रायटॅग यांनी एकदाही खंडू दिली नाही. पण शेवटच्या चार संघांत मात्र पाचही वर्षं जाता आलं नाही. इतर कुठल्याही विद्यापीठात दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धेत असणाऱ्या कोचचा सत्कार झाला असता. इंडियानात २००९ चा हंगाम संपल्यावर त्यांचा करार पुढे वाढवण्यात आला नाही.

टॉड येगली तेव्हा विस्कॉन्सिन विद्यापीठात मुख्य कोच होऊन जेमतेम एक हंगाम झाला होता. डिसेंबरात तो ब्लूमिंग्टनला परत आला.

निर्णय तपासून पाहताना

प्रकरण अभ्यासात ‘निर्णय बरोबर होता का’ हा प्रश्न टाळता येत नाही आणि मला तो टाळायचाही नाही.

टॉडने २०१२ मध्ये विजेतेपद मिळवलं. सोळाव्या मानांकनावरून आलेल्या संघाने अलाबामातल्या हूव्हर इथे जॉर्जटाउनला १-० हरवलं. त्यानंतर २०१३ ते २०१६ अशी चार वर्षं इंडियाना शेवटच्या चारांत नव्हतं. २०१३ चा हंगाम तर साध्या हार-जितीच्या हिशेबातही वाईट गेला. या चार वर्षांत विद्यापीठाने धीर धरला आणि त्या धीराचं फळही मिळालं. २०१७ ला अंतिम सामना, स्टॅनफर्डकडून जादा वेळेत ०-१. २०१८ ला शेवटच्या चारांत. महासाथीमुळे २०२१ च्या मे महिन्यात खेळल्या गेलेल्या स्पर्धेत पुन्हा अंतिम सामना, मार्शलकडून पुन्हा जादा वेळेत ०-१. २०२२ ला सिरॅक्यूजशी २-२ आणि पेनल्टींवर ६-७. शेवटच्या दोन्ही वेळी उपांत्य सामन्यात हरवलं ते व्हिडोविच यांच्या पिट्सबर्गला. पाच-सहा वर्षांत तीन अंतिम सामने, आणि तिन्ही एका चेंडूच्या फरकाने हातचे गेलेले. वडिलांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध जे सोसलं तेच मुलाच्या वाट्याला आलं, फक्त शेवटी ग्रेग थॉम्प्सनची ती फ्री किक आली नाही.

तेव्हा टॉड या पदाला लायक होता का? नक्कीच होता, आणि आहे. माझी हरकत त्याच्याबद्दल नाही. माझं म्हणणं दोन ओळी शेजारी ठेवून पाहावं एवढंच आहे. फ्रायटॅग : एक विजेतेपद, नंतर पाच वर्षं शेवटच्या चारांबाहेर, करार संपला. टॉड : एक विजेतेपद, नंतर चार वर्षं शेवटच्या चारांबाहेर, काम चालू. विजेतेपदानंतरच्या सहाव्या वर्षी फ्रायटॅग यांनी काय केलं असतं हे आता कधीच कळणार नाही. टॉडला पाचवं वर्ष मिळालं आणि त्या पाचव्या वर्षी त्याने अंतिम सामना गाठला.

फ्रायटॅग यांच्याविरुद्ध जे मुद्दे मांडता येतील तेही नोंदवतो. इंडियानासारख्या ठिकाणी मुलं येतात ती विजेतेपदासाठी. पाच वर्षांत भरती झालेल्या एकाही तुकडीने चार वर्षं काढून शेवटचे चार संघ पाहिले नाहीत, तर पुढची भरती अवघड होते. दुसरा मुद्दा असा की या काळात स्पर्धा खरोखर वाढली होती. मेरीलँड, वेक फॉरेस्ट, अॅक्रन यांनी पैसा आणि लक्ष दोन्ही वाढवलं होतं. विद्यापीठाला वाटलं असेल की आत्ता नाही बदललं तर मागे पडू. तिसरा मुद्दा, विस्कॉन्सिनमध्ये टॉड रुळला असता तर पुन्हा मिळणं कठीण होतं. ही तिन्ही कारणं खोटी नाहीत. पण तिसरं कारण जर निर्णयात असेल, तर फ्रायटॅग यांचं मूल्यमापन त्यांच्या कामावर झालं नाही, बाजारात दुसरं कोण उपलब्ध आहे यावर झालं. कोचच्या पेशात हे सर्रास होतं, हे मला ठाऊक आहे. तरीही मनाला लागतं.

अगदी पहिल्या पिढीच्या संस्थापकानंतर येणाऱ्या माणसाला किती वर्षं द्यावीत, याचा विचार विद्यापीठांनी नेमणूक करतानाच करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. सहा वर्षं ही दीड तुकडी झाली. पहिल्या दोन वर्षांत तो आदल्या कोचची मुलं खेळवतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मिश्र संघ. पूर्णपणे स्वतः निवडलेला आणि चारही इयत्तांत स्वतः घडवलेला संघ त्याला पाचव्या वर्षी मिळतो. म्हणजे फ्रायटॅग यांना स्वतःच्या संघाचे फक्त दोन हंगाम मिळाले. जेरी येगली यांनाही अधिकृत संघाचं पहिलं विजेतेपद मिळायला दहा हंगाम लागले होते, आणि त्याआधी क्लबची दहा वर्षं होती.

आज हे काम आणखी अस्थिर झालं आहे. खेळाडूला विद्यापीठ बदलणं आता पूर्वीपेक्षा खूप सोपं झालं आहे. पूर्वी कोचला निदान चार वर्षांची खात्री होती, आता डिसेंबरात सामना संपला की कोण राहणार आणि कोण जाणार याची बोलणी सुरू होतात. परदेशातल्या अकादमींतून आलेले, वयाने मोठे खेळाडू पुष्कळ संघांत आहेत, अगदी १९७० च्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोसारखे. २०२१ च्या मे महिन्यातला विजेता मार्शल अशाच खेळाडूंच्या बळावर उभा राहिला होता.

इंडियानाच्या खेळाडूंच्या अंगरख्यावर विद्यापीठाच्या चिन्हाच्या वर आठ तारे आहेत. आठ विजेतेपदांचे. सहा जेरी येगली यांचे, एक टॉडचा, आणि सातवा, कार्सनच्या त्या पेनल्टींनी मिळवलेला, माइक फ्रायटॅग यांचा. आकाराने आणि रंगाने तो इतर सातांसारखाच शिवलेला आहे.